‘मिटवून टाकतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस

पत्र:
वकीलताई, मी जुळे सोलापुरात राहते, गारमेंटच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वडील नाहीत. आईने विड्या वळून आम्हाला वाढवलं. धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, मेडिकलच्या दुकानात काम करतो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. गेल्या शनिवारी एका मित्राने नवीन गाडी घेतली म्हणून तुळजापूर रोडच्या एका ढाब्यावर पार्टी होती. परत येताना नाकाबंदीत सापडला. मशीनवर ७८ आकडा आला. लायसन्स काढून घेतलं, एक पावती दिली आणि कोर्टात यावं लागेल म्हणाले. मोटारसायकल माझ्या नावावर आहे, ती मी दुसऱ्या दिवशी सोडवून आणली. आता त्याच्या ओळखीतला एकजण पंधरा हजारात प्रकरण मिटवून देतो म्हणतोय. माझी भिशी नुकतीच लागली आहे. भाऊ म्हणतो, ‘दोन बीअरनी काय होतंय, मी शुद्धीत होतो, गाडी सरळ चालवत होतो.’ तो जेलमध्ये जाईल का? भरतीचं काय होईल? आईला अजून काही माहीत नाही, सांगू का?
– एक बहीण, जुळे सोलापूर

उत्तर:

भिशीचे पैसे आहेत तिथेच राहू देत. तुझ्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांना थोडा वेळ आहे, पण हा माणूस उद्या-परवा पुन्हा फोन करेल, म्हणून आधी त्याचंच बोलते.

वाहतुकीचे काही गुन्हे जागेवर दंड भरून मिटतात. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, अशी चलनं आपण मोबाइलवर भरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये अशा तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाही. म्हणजे रस्त्यावरचा हवालदार असो, मोठा साहेब असो की आरटीओ, कायद्याने यातला कुणीही पैसे घेऊन हे प्रकरण बंद करू शकत नाही. ते न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच जातं. मग पंधरा हजार घेऊन हा माणूस काय करणार? एक तर पैसे खाऊन गप्प बसेल आणि दोन महिन्यांनी समन्स येईल तेव्हा फोन उचलणार नाही. किंवा खरोखरच कुणाला तरी लाच देईल. तसं झालं तर लाच देणारी तू ठरशील. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली बदल झाला आणि तेव्हापासून लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली आणि गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या आईवडिलांनाही. अपघाताचा मूळ गुन्हा राहिला बाजूला, तो लपवण्याच्या धडपडीत सगळं घर अडकलं. तुमच्या प्रकरणात तर सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. ते तेवढंच राहू दे. त्या माणसाने कुणा सरकारी नोकराचं नाव घेऊन पैसे मागितले असतील, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आता ७८ म्हणजे काय ते भावाला नीट समजावून सांग. शंभर मिलिलिटर रक्तात ७८ मिलिग्रॅम अल्कोहोल. कायद्याची मर्यादा ३० ची आहे, म्हणजे तो अडीचपटीच्याही पुढे होता. ‘शुद्धीत होतो का’ हा प्रश्न कलम १८५ विचारतच नाही. गाडी सरळ जात होती की नागमोडी, हेही नाही. आकडा ३० च्या वर गेला की गुन्हा पूर्ण झाला. आणि दोन बीअरनी तो आकडा सहज येतो. ६५० मिलिलिटरच्या साध्या, पाच टक्क्यांच्या बीअरमध्ये साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल असतं. दोन बाटल्यांचं झालं ५० ग्रॅम. पासष्ट किलोच्या माणसाचं रक्त त्याने शंभराच्या पुढे जातं, आणि यकृत ते तासाला पंधराएक मिलिग्रॅमच्या वेगाने उतरवतं. ढाब्यावर दोन-तीन तास बसून निघालेल्या माणसाचं ७८ येणं हा अगदी सरळ हिशोब आहे. मशीनला दोष देण्यासारखं त्यात काही दिसत नाही. पान, वेलची, लिंबूपाणी, गार पाण्याचे हबके यांनी वास झाकला जाईल, डोळे उघडतील, रक्तातला आकडा मात्र हलत नाही. तो फक्त वेळेने उतरतो. रात्री उशिरापर्यंत पिऊन सकाळी सातला कामावर निघालेला माणूसही मर्यादेच्या वर असू शकतो, आणि हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

‘सरळ चालवत होतो’ यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण हे वाक्य मी कोर्टाच्या व्हरांड्यात फार ऐकते आणि ऐकताना वाईट वाटतं. दारू आधी विचार करणारा भाग मंदावते. त्यामुळे आपण मंदावलो आहोत हे कळण्याचीच क्षमता आधी जाते. रिकाम्या रस्त्यावर गाडी सरळच जाते. प्रश्न येतो तो ब्रेक मारायच्या क्षणी. आपल्या जिल्ह्यातले रात्रीचे रस्ते आठव. गाळप हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात, अनेकांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. शुद्धीवरच्या माणसालाही त्या अचानक समोर दिसतात. आणि ज्या तुळजापूर रोडने तो त्या रात्री आला, त्याच रस्त्याने कोजागिरीला सोलापुरातून हजारो माणसं पायी आईच्या दर्शनाला जातात. बायका, म्हातारी माणसं, कडेवर पोरं, रात्रभर. तुझी आईही कधी ना कधी गेली असेल.

जेलचं विचारलंस. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड दोन हजारांपर्यंतच होता, म्हणून जुनी माणसं अजून ‘दोन हजार भरून मोकळं व्हायचं’ असं सांगतात. त्यांचं ऐकू नका. पहिलीच वेळ असेल आणि अपघात नसेल, तर बहुतेकदा दंडावर भागतं असा माझा अनुभव आहे. तरी कैदेची तरतूद आहे आणि ती द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. तेव्हा ‘काही होत नाही’ असं मी तुला लिहून देणार नाही. गुन्हा जामीनपात्र आहे, एवढा दिलासा घे.

कागदपत्रं मात्र आत्ताच एकत्र कर. श्वासचाचणीची छापील चिठ्ठी मिळाली असेल तर तिच्यावरची तारीख, वेळ आणि आकडा बघून ठेव. अटक झाली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं, असं कलम २०२ सांगतं. यातलं काही राहिलं असेल तर वकील ते कोर्टापुढे मांडेल, तो त्याचा हक्कच आहे. पण चाचणी नीट झाली असेल तर खोट्या सबबी रचू नका. आणि मित्र शिकवतील, ‘पुढच्या वेळी मशीनमध्ये फुंकायचंच नाही.’ त्याने सुटका होत नाही. चाचणीला नकार दिला आणि प्यायल्याचा वाजवी संशय असला की विनावॉरंट अटक करता येते, मग रक्त घेतात, आणि विनाकारण दिलेला नकार कोर्टात त्याच्याच विरुद्ध जातो.

ती जी पावती हातात दिली आहे, तिच्यावर गाडी चालवता येते असा घरोघरी समज आहे. इतर काही प्रकरणांत तसं असतंही. कलम १८५ मध्ये नाही. कलम २०६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की लायसन्स परत मिळेपर्यंत ही पावती गाडी चालवण्याची परवानगी देत नाही. लायसन्स आरटीओकडे जातं, तिथे त्याला म्हणणं मांडायची संधी मिळते, आणि पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी ते निलंबित होऊ शकतं. दुसऱ्या वेळी रद्दच. वर उजळणी प्रशिक्षण करावं लागतं. निलंबनाच्या काळात चालवताना सापडला तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही, आणि तो वेगळा गुन्हा. तेव्हा दुकानात जायला सिटी बस, रिक्षा, सायकल, जे जमेल ते.

आता पत्रातली एक ओळ, जी तू सहज लिहून पुढे गेलीस: ‘मोटारसायकल माझ्या नावावर आहे.’

बाई गं, या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी त्या ओळीची वाटली. लायसन्स नसताना तू त्याला किल्ली दिलीस, तर कलम १८० खाली मालक म्हणून तुझ्यावर गुन्हा होतो. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड, किंवा दोन्ही. तो प्यायलाय हे माहीत असून ‘जा, लवकर ये’ म्हणत चालवायला लावलंस, तर कलम १८८ प्रमाणे चिथावणी देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. पण खरा धोका विम्याचा आहे आणि तो घरादाराला बुडवणारा आहे. अपघात झाला आणि चालक प्यायलेला निघाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका निकालात हेही सांगितलं की चाचणी झालेली नसली तरी परिस्थितीवरून नशा सिद्ध होऊ शकते. चालवणाऱ्या मालकाला जो १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, त्यालाही नशेत असताना संरक्षण नाही. आणि समोरचा माणूस गेला तर? २०१९ च्या दुरुस्तीने नशेत चालवणं हा विमा कंपनीचा कायदेशीर बचाव झाला. अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण अनेकदा पीडितांना कंपनीकडून आधी पैसे देववतं आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. मालक म्हणजे तू.

ती रक्कम किती असते याचा अंदाज यावा म्हणून हिशोबच मांडते. समज, तुझ्याच कारखान्यातला तीस वर्षांचा शिलाई कामगार, महिना १५,००० मिळवणारा, घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई. वर्षाचे झाले १,८०,०००. पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की २,५२,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले १,८९,०००. वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; तीस वर्षांच्या माणसाला तो १७. गुणाकार ३२,१३,००० वर जातो, अंत्यविधी वगैरेच्या रकमा वेगळ्या. ही पद्धत माझी नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली आहे. बत्तीस लाख, तुझ्या नावावर, त्याच्या दोन बीअरपायी. आणि त्या कामगाराच्या घरी काय उरतं ते तुला मी सांगायला नको. वडील गेलेल्या घरात तू वाढली आहेस.

म्हणून आजपासून किल्ली तुझ्याकडे. भांडण होईल, होऊ दे. लायसन्स परत आल्यावर गाडी त्याच्या नावावर करून देता येईल का याचाही विचार कर, त्याची जबाबदारी त्याच्या नावावर असलेली बरी.

कुणी मेलं तर फौजदारी बाजूही फार बदलते, ती थोडक्यात सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणे मृत्यूला कारण झालं तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा, जुन्या कायद्यात ती दोन वर्षं होती. पण ‘आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव होती’ असं कोर्टाला पटलं, तर सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत. मुंबईत कार्टर रोडला नोव्हेंबर २००६ मध्ये प्यायलेल्या चालकाने फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांना चिरडलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचीच शिक्षा कायम ठेवली. ज्याला एकदा पकडून, मशीनवर आकडा दाखवून, लायसन्स काढून घेतलंय, तो पुढच्या वेळी ‘मला कल्पना नव्हती’ असं कोणत्या तोंडाने म्हणेल? शनिवारच्या नाकाबंदीने त्याच्याकडून ते वाक्य कायमचं काढून घेतलं आहे.

भरतीबद्दल. इथे घाई करू नका. ‘कबूल करा, दंड भरा, दहा मिनिटांत मोकळे’ असं कोर्टात कुणीही सांगेल, आणि कोर्टात कबुली देण्यात गैर काही नाही. पण कबुलीनंतर भरलेला तो दंड म्हणजे दोषी ठरणं आहे, चलन भरण्यासारखं ते नाही, हे सही करण्याआधी त्याला माहीत असावं. चांगल्या वकिलाला विचारा की परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा, १९५८ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची विनंती करता येईल का. ती मान्य करणं न्यायाधीशांवर आहे, पण मिळाली तर त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषी ठरण्यातून येणारी अपात्रता लागत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर भावाला तिथे मोफत वकील मिळेल. पंधरा हजार हातात घेऊन दलालाकडे जाण्याआधी तिथला जिना चढा.

आणि भरतीच्या चारित्र्य पडताळणीत जो साक्षांकन नमुना भरून घेतात, त्यात अटक, खटला, शिक्षा याबद्दल प्रश्न असतात. तिथे खरं लिहायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे सविस्तर सांगितलंय: उमेदवाराने माहिती खरी दिली पाहिजे, आणि खरी दिली तरी नेमणूक द्यायची की नाही हे गुन्ह्याचं स्वरूप बघून नियुक्ती करणारा ठरवू शकतो. म्हणजे खरं लिहून निवड होईलच अशी हमी नाही. पोलिसासारख्या नोकरीत तर निकष कडकच असणार, आणि असावेत. पण लपवलं आणि नंतर उघड झालं, तर ते लपवणंच नोकरी जायला पुरेसं ठरू शकतं. जो मुलगा उद्या नाकाबंदीत उभा राहून दुसऱ्याच्या तोंडापुढे मशीन धरणार आहे, त्याने आज स्वतःच्या आकड्यासकट उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या ढाब्याला दारूचा परवाना होता का, तेही त्याला विचार. परवाना नसलेल्या ढाब्यावर पिणाऱ्यांवरही दारूबंदी कायद्याच्या कलम ८४ खाली कारवाई होते, आणि एका पार्टीत दोन गुन्हे अंगावर घेण्याची वेळ येते.

तो किती आणि कधी पितो हे तू लिहिलं नाहीस. वर्षातून दोनदा मित्रांबरोबर पिणारा मुलगा असेल तर त्याला एकच सवय लावायची आहे: ज्या दिवशी प्यायचं त्या दिवशी गाडी न्यायचीच नाही. प्यायल्यावर निर्णय घेऊ म्हटलं की निर्णय दारू घेते. जाताना रिक्षा, येताना न प्यायलेला मित्र, नाहीतर मुक्काम. पण आठवड्याला होत असेल, पैसे पुरत नसतील, खोटं बोलणं वाढलं असेल, तर हे कोर्टाच्या तारखेने सुटणारं नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे तूही फोन करू शकतेस, त्यानेच करायला हवा असं नाही.

राहिली आई. तू सांगू नकोस. त्याला सांगू दे, आणि समन्स घेऊन पोलीस दारात येण्याआधी सांगू दे. त्याला चार दिवसांची मुदत दे, तोवर सांगितलं नाही तर तुझ्यासमोर बसवून त्याच्याकडून वदवून घे. ती चिडेल, रडेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. ज्या बाईने विड्या वळून दोन पोरं उभी केली, तिला हे झेपेल. आणि दंड भरायची वेळ आली, तर तो भिशीतून जाऊ देऊ नकोस. मेडिकलच्या पगारातून, त्याच्या हातून, हप्त्याने का होईना, जाऊ दे.